टेंभुरखेड्याचा न जळणारा दांडा

जगातल्या सर्व पदार्थांचे शास्त्राने दोनच वर्ग केले आहेत : जे जळतात ते, आणि ज्यांच्याबद्दलचा अहवाल अद्याप आलेला नाही ते. दुसऱ्या वर्गातली सर्वांत थोर व्यक्ती म्हणजे आपली होलिका. अग्नीपासून अभय असल्याचं प्रमाणपत्र तिच्यापाशी होतं, आणि तेही थेट वरच्या कार्यालयातून मिळालेलं. पण प्रत्यक्ष चाचणीच्या वेळी बाई जळाली आणि मांडीवरचा प्रल्हाद, ज्याची चाचणी कुणी मागितलीच नव्हती, तो सुखरूप बाहेर आला. तेव्हापासून आपल्याकडे चाचणी आणि प्रमाणपत्र या दोन गोष्टी शक्यतो एकमेकींच्या वाटेला जाऊ नयेत अशी काळजी घेतली जाते.

बासष्ट-त्रेसष्टचा सुमार. सातपुड्यातला साग वाचवायचा, असं सरकारने मनावर घेतलं होतं. (साग तोडायचंही सरकारनेच मनावर घेतलं होतं, पण ते शेजारच्या टेबलावर.) सागाला पर्याय हवा, तो स्वस्त हवा, आणि मुख्य म्हणजे तो सागाला नसलेल्या एखाद्या गुणाने संपन्न हवा, म्हणजे भाषणात सांगता येईल. सागाला नसलेला गुण शोधता शोधता साहेबलोकांच्या लक्षात आलं की साग जळतो. झालं! शहाद्याहून लोणखेड्यावरून पुढे गेलं की तापीकाठी टेंभुरखेडे नावाचं गाव लागतं, तिथल्या बंद पडलेल्या सरकीच्या शेडमध्ये ‘पर्यायी काष्ठ प्रायोगिक केंद्र’ स्थापन झालं आणि हिंमतराव त्याचे प्रभारी झाले. प्रभारी, आणि हंगामी. या दुसऱ्या शब्दामुळे त्यांना झोप लागत नसे.

हिंमतराव शिरपूरकडचे, रसायनशास्त्र इंटरपर्यंत शिकलेले, अंगाने किडकिडीत आणि अक्षराने अत्यंत सुरेख. अर्ज लिहावा तर त्यांनीच. त्यांची कृती साधी होती. कपाशी निघाली की शेतात उरतात त्या पऱ्हाट्या कुटायच्या, केळीचा घड उतरल्यावर फेकून देतात तो खुंट पिळून त्याचा धागा काढायचा, दोन्हींत बेकेलाइटची भुकटी मिसळायची, आग लागू नये म्हणून टाकणखार घालायचा, आणि सगळा लगदा कापसाच्या गाठी दाबायच्या जुन्या प्रेसमध्ये तापवून दाबायचा. निघेल ते लाकूड. रंगाने तपकिरी, वासाने औषधी, वजनाने शंकास्पद. प्रेस चालवणारे सत्तार मिस्त्री नंदुरबारचे, तीन पिढ्यांचे लोहार. पहिली फळी निघाली तेव्हा त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, हातोडीने वाजवली आणि म्हणाले, “साहब, चीज तो जबरी बनी. पर इसकू लकडी बोलना के पत्थर बोलना, वो कागज पे लिख के दो.”

हिंमतरावांनी लिहून दिलं. लिहून देण्यात ते कधी मागे हटत नसत.

पऱ्हाट्या आणि केळीचे खुंट येत ते गिरधर पाटलांच्या मळ्यातून. गिरधर पाटील म्हणजे गावातलं मोठं गुजर घर, केळी-कापूस-ऊस सगळं तापीच्या पाण्यावर, आणि होळी पेटवायचा मान पिढ्यानपिढ्या त्यांचा. खुंटांच्या गाडीबरोबर कधी कधी त्यांची मुलगी मंगला येई. एकदा तिने शेडमध्ये डोकावून लगद्याच्या पिंपाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “हाई खावानं शे का घरले लावानं शे?” हिंमतरावांनी घाईघाईने पिंपावर झाकण टाकलं. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. पुढे शिरपूरहून त्यांचे मामा येऊन गेले, बोलणं झालं, पाटील राजी, मंगला राजी, नुसती सुपारी फुटायची राहिली. ती होळी झाल्यावर फोडू असं ठरलं. साधी गोष्ट होती हो. होळी दरसाल होते. एखाद्या वर्षी होळी झालीच नाही असं कुणी ऐकलं आहे?

आता केंद्रापुढे एकच अडचण होती. लाकूड जळत नाही हे सिद्ध करायचं तर आग हवी. आगीला भट्टी हवी. भट्टीसाठी जळाऊ लाकूड हवं, आणि लाकडाची बचत हेच केंद्राचं ध्येय असल्यामुळे केंद्राला लाकूड खरेदी करण्यास सक्त मनाई होती. वरिष्ठांकडे विचारणा केली असता ‘केंद्राने स्वतः निर्माण केलेल्या लाकडाचाच जळणासाठी वापर करावा’ असा आदेश आला. त्याप्रमाणे हिंमतरावांनी फळीखाली फळ्या रचल्या आणि काड्यांची पेटी संपेपर्यंत प्रयत्न केला. वरची फळी जळाली नाही. खालच्याही जळाल्या नाहीत. हिंमतरावांनी ‘चाचणी शंभर टक्के यशस्वी’ असं कळवलं, पण वरच्या साहेबांनी, का कोण जाणे, ‘प्रत्यक्ष ज्वाळा दिसणे आवश्यक’ असा शेरा मारून कागद परत पाठवला.

तेव्हा गिरधर पाटील मदतीला धावून आले. जावई म्हणून ज्याला पाहिला त्याच्या नाकी नऊ आलेले त्यांना बघवेना. “भट्टी, भट्टी काय करी ऱ्हायनात साहेब? आमनी होयी भट्टीपेक्षा कमी शे का? यंदा दांडा तुमना रोवू!”

दांड्याचं महत्त्व परगावच्या वाचकाला सांगायला हवं. माघातल्या पुनवेला गावच्या चौकात होळीचा दांडा रोवतात, भोवती गोवऱ्या-पऱ्हाट्या रचतात, आणि महिन्याने होळी पेटली की सगळ्या गावाचे डोळे त्या दांड्याकडे. दांडा पूर्वेला पडला तर साल चांगलं. दक्षिणेला पडला तर सगळ्यांनी गप्प घरी जायचं. शिवाय होळीच्या आधीचे आठ दिवस होळाष्टक. त्यात लग्न नाही, बारसं नाही, नवी बैलगाडी नाही, नवं जोतं नाही. ते सुटतं कधी? टेंभुरखेड्याच्या रिवाजाप्रमाणे दांडा पडला की. कुणी कॅलेंडर बघत नाही. दांडा पडला, की सुटलं.

सत्तार मिस्त्रींनी विहिरीच्या मोठ्या पाइपाचा साचा केला आणि बारा हात उंच दांडा दाबून काढला. त्यात टाकणखार नेहमीच्या दुप्पट घातला, कारण त्याच्यावर हिंमतरावांची नोकरी उभी होती. होळीला वरचे साहेब जीपमधून जातीने आले. पाटलांनी होळी पेटवली. ज्वाळा दिसल्या, अगदी साहेबांना हव्या होत्या तशा. गोवऱ्या जळाल्या, पऱ्हाट्या जळाल्या, कुणाची तरी चोरून आणलेली बाज जळाली, धुराने साहेबांसकट सगळ्यांचे डोळे गळू लागले, आणि बेकेलाइटच्या वासाने नैवेद्याच्या पुरणपोळ्या कुणाच्या घशाखाली उतरेनात. दांडा मात्र उभा. थोडा काळवंडला, एवढंच. निखारे विझले तरी उभा. दुसऱ्या दिवशी धुळवडीलाही उभा.

साहेब खूष झाले. हिंमतरावांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “हा दांडा इथंच राहू द्या. दिवाळीनंतर मी पाहणीला येईन. तोवर हा जागेवर असला, तर तुम्ही कायम झालातच म्हणून समजा.”

हिंमतरावांना आनंदाने रडू आलं. धुरामुळे ते कुणाला कळलं नाही.

दोन दिवसांनी मामा सुपारी घेऊन आले, तेव्हा गिरधर पाटील ओसरीवर डोक्याला हात लावून बसले होते. “होयी पडनी नही ना भो,” ते म्हणाले.

अगदी खरं होतं. दांडा पडला नव्हता, म्हणजे होळी पूर्ण झाली नव्हती, म्हणजे होळाष्टक सुटलं नव्हतं. तापीकाठच्या प्रकाशा तीर्थाहून जोशीबुवांना बोलावलं. त्यांनी पोथी पुढून पाहिली, मागून पाहिली, आणि जड अंतःकरणाने सांगितलं, “होळी जळाल्यावर काय करावं ते शास्त्रात आहे. होळी न जळाल्यास काय करावं, याबद्दल ऋषींनी मौन पाळलं आहे.” बुवांचं अंतःकरण जड होण्याला कारण होतं. टेंभुरखेड्यातली सगळी लग्नं त्यांच्याचकडे असत.

हिंमतरावांनी उपाय काढला. त्यांनी केंद्राच्या कागदावर दाखला दिला की ‘सदर दांडा धार्मिकदृष्ट्या जळालेला असून केवळ तांत्रिकदृष्ट्या जळालेला नाही.’ दाखला चावडीवर वाचून दाखवला. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि मग सगळ्यांनी मान वळवून चौकाकडे पाहिलं. तिथं दांडा होता.

पण मौज बघा. पहिला महिना लोकांनी दांड्याला शिव्या दिल्या. दुसऱ्या महिन्यात त्यांना त्याच्यातले गुण दिसू लागले. ज्याला भावाला वाटणी द्यायची नव्हती तो म्हणाला, “होयी पडू दे, मंग दखू.” ज्याला सासुरवाडीला जायचं नव्हतं तोही तेच म्हणाला. शाळेचं छप्पर, गावविहिरीचा गाळ, पंचायतीची सभा, म्हाताऱ्याचे दात, माहेरी जाऊन बसलेली सून, हे सगळं दांड्यावर जाऊन टेकलं. केंद्राच्या पाहणीनुसार गावातली नव्वद टक्के कामं होळाष्टकामुळे थांबलेली होती. (यांपैकी ऐंशी टक्के कामं होळाष्टकाच्या आधीपासूनच थांबलेली होती, पण तेव्हा त्यांना भक्कम आधार नव्हता.) गावात भांडणं कमी झाली. कुणी कुणाला ‘कधी करतोस?’ असं विचारीना. टेंभुरखेड्याइतकं निवांत गाव त्या वर्षी अख्ख्या खानदेशात नव्हतं, आणि त्या निवांत गावात एकटे हिंमतराव तेवढे रात्रंदिवस तळमळत होते.

कारण गिरधर पाटलांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. पाटील माणूस प्रेमळ, पण मुलीचा बाप. “साहेब, मन्ही पोर काही दांडा नही, उभी ऱ्हावाले. आखाडी एकादशीले देव झोपतीन, मंग चार महिने मुहूर्त नही. त्याना पहिले होयी पडनी ते पोर तुमनी. नही ते निझरवाला पाव्हना हा म्हनीसन बठेल शेतस.”

निझरचं स्थळ म्हणजे तापीच्या पलीकडचं, घरचा ट्रॅक्टर असलेलं. हिंमतरावांनी हिशेब मांडला. दांडा आषाढीपर्यंत पडला तर मंगला, पण नोकरी नाही. दांडा दिवाळीपर्यंत उभा राहिला तर नोकरी, पण मंगला निझरला. दोन्ही मिळावीत असा दांडा बनवण्याचं शास्त्र अजून विकसित झालं नव्हतं. एकदा ते कुऱ्हाड घेऊन चौकापर्यंत गेलेही. पण तिथं दगूबाई बसली होती.

दगूबाई म्हणजे गावातली सर्वांत वयस्कर बाई, आणि आता दांड्याची पहिली भक्त. होळीच्या दुसऱ्याच दिवशी तिने काळवंडलेल्या दांड्याला हात लावून पाहिला होता आणि कानाला हात लावून म्हणाली होती, “आगीम्हा उभा ऱ्हायना नि जयना नही. हाऊ प्रल्हाद शे, बाप्पा!” ज्यांना आधी ही गोष्ट सुचली नाही त्यांना स्वतःचीच लाज वाटली. दांड्याला शेंदूर लागला. शनिवारी तेल पडू लागलं. नवसाच्या बायका लोणखेड्याहून आणि थेट खापरहून येऊ लागल्या. हिंमतरावांच्या हातातली कुऱ्हाड पाहून दगूबाईने विचारलं, “काय साहेब, प्रल्हादले कुऱ्हाड दखाडतस?” हिंमतरावांनी कुऱ्हाड ओवाळली, हळदकुंकू वाहिलं आणि परत घेऊन आले. काय करणार बिचारे!

अशात वटपौर्णिमा आली. गावचा वड दूर नदीकाठी, वर ऊन मी म्हणणारं, आणि इथं चौकात साक्षात प्रल्हाद. आगीतून जो वाचला तो नवऱ्याला नाही वाचवणार? सगळ्या बायकांनी त्या वर्षी दांड्यालाच सूत गुंडाळलं. एकेकीचे सात वेढे. पायथ्यापासून पुरुषभर उंचीपर्यंत दांडा पांढराशुभ्र झाला. त्याच्या खाली तीन महिन्यांच्या शनिवारांचं तेल मुरलेलं, आत केळीचा धागा आणि कपाशीची काडी. तेलात भिजलेल्या काडीला सुताने गुंडाळलं की काय तयार होतं, हे घरोघरी रोज तिन्हीसांजेला देवापुढे बसणाऱ्या बायकांना कुणी सांगायची गरज नव्हती. आणि तरी, तेवढ्या वेळापुरतं, ते कुणाच्याही लक्षात आलं नाही.

दिवे लागायची वेळ. बायका घरी गेल्या होत्या, निरांजनं दांड्याच्या पायाशी राहिली होती. हिंमतराव शेडच्या दारात उभे होते आणि मंगला उरलेला प्रसाद द्यायच्या निमित्ताने तिथं आली होती. दोघांनाही बोलायचं होतं आणि दोघंही दांड्याकडे बघत होते, त्यामुळे पहिली ज्योत दोघांना एकदमच दिसली. निरांजनातून निघाली, सुताच्या एका वेढ्यावर चढली, मग दुसऱ्या.

शेडच्या दाराशी नियमाप्रमाणे दोन लाल बादल्या टांगलेल्या होत्या. वाळूच्या बादलीत मांजराने आपली सोय केली होती, पण पाण्याची भरलेली होती. हिंमतरावांनी ती उचलली. चौक दहा-वीस पावलांवर. एक बादली पुरे झाली असती.

ते निघाले नाहीत. बादली हातात धरून तिथंच उभे राहिले. पाणी टाकलं तर दिवाळीला कायम. नाही टाकलं तर महिन्याभरात लग्न, आणि खिशात काही नाही. ते ज्योतीकडे पाहत होते, मंगलेकडे पाहत होते, बादलीकडे पाहत होते.

मंगलेने प्रसाद उंबऱ्यावर ठेवला. मग म्हणाली, “टाकनं व्हई ते टाका, नही ते नका टाकू. पन असा उभा नका ऱ्हाऊ. एक दांडा पुरे शे गावले.”

हिंमतरावांनी बादली खाली ठेवली. आत गेले, कंदील लावला, टेबलापाशी बसले, दौत उघडली आणि आयुष्यातल्या सर्वोत्तम अक्षरात लिहायला घेतलं : ‘विषय : केंद्राच्या दांड्यास लागलेली आग विझविण्याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत. महोदय, आज सायंकाळी उपरोक्त दांड्यास आग लागल्याचे निदर्शनास आले आहे. सदर आग चाचणीचा भाग समजावी की अपघात समजावा, याविषयी प्रचलित नियमांत स्पष्टता नाही. चाचणीचा भाग असल्यास ती विझविणे हा शिस्तभंग होईल. तरी योग्य ते आदेश व्हावेत. आदेश होईपर्यंत आग जैसे थे ठेवण्यात येत आहे.’

सही केली. शिक्का शोधला. शाई टिपली. बाहेर तडतड आवाज येत होता आणि टाकणखाराच्या लाह्या फुटत होत्या. हिंमतरावांनी वर पाहिलं. मंगला कंदील धरून उभी होती, आणि तिला अर्जातलं सगळं समजलं होतं.

“आखो एक प्रत काढा ना,” ती म्हणाली.

हिंमतरावांनी तीन काढल्या. सरकारी दिरंगाईवर आजवर पुष्कळ टीका झाली आहे. पण इतक्या मनापासून, इतक्या प्रेमाने केलेली दिरंगाई आम्ही तरी दुसरी पाहिली नाही.

तिसऱ्या प्रतीची शाई वाळायच्या आत दांडा पडला. पूर्वेला. पूर्वेला केंद्राची शेड होती आणि दांडा जळता जळता थेट शेडपुढे चौकापर्यंत रचलेल्या फळ्यांच्या थप्पीवर जाऊन पडला. आता नोंद घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या फळ्यांपैकी एकही जळाली नाही. त्यांना कुणी तेल वाहिलं नव्हतं. हिंमतरावांचं लाकूड खरोखरच आगीला दाद देत नव्हतं, आणि त्याची ही एकमेव निर्दोष चाचणी होती. तिचा अहवाल मात्र गेला नाही, कारण सारं गाव गूळ वाटत होतं, दगूबाई प्रल्हाद वैकुंठाला गेला म्हणून डोळे पुसत होती, आणि प्रभारी अधिकारी लग्नाच्या रजेचा अर्ज लिहीत होते.

लग्न आषाढीच्या आधी शेवटच्या मुहूर्तावर लागलं. जोशीबुवांनी मंगलाष्टकं नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटली. नोकरी गेली असं धरूनच हिंमतराव सासऱ्यांच्या केळीला पाणी द्यायला शिकले.

दिवाळीनंतर दोन कागद आले. पहिल्यात लिहिलं होतं : ‘आग विझविण्यास हरकत नाही. मात्र पाणी मंजूर अनुदानातून वापरावे.’ दुसऱ्यात लिहिलं होतं की दांडा सुस्थितीत असल्याच्या होळीच्या दिवशीच्या अहवालावरून हिंमतरावांना त्याच्या देखभालीसाठी कायम करण्यात येत आहे. त्यापाठोपाठ साहेब पाहणीला आले. चौकात दांड्याच्या जागी खड्डा होता. साहेबांनी खड्ड्याकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि मग कागदावर विश्वास ठेवून बारा हात उंचीपर्यंत हळूहळू मान वर नेली. ‘देखभाल समाधानकारक’ असा शेरा मिळाला.

खरे हाल झाले ते गावाचे. दांडा पडला आणि दुसऱ्या दिवसापासून भाऊ वाटणी मागू लागला, सासुरवाडीहून गाडी आली, मास्तर छपराबद्दल विचारू लागले, म्हाताऱ्याचे दात दुखू लागले. लोक कावरेबावरे झाले. एकेक जण गुपचूप शेडवर येऊन हिंमतरावांना विचारू लागला, साहेब, तसा आणखी एखादा दांडा मिळेल का? आखूड असला तरी चालेल. घरातल्या घरात रोवता येण्याजोगा.

मागणी एवढी वाढली की केंद्राला फळ्या सोडून फक्त दांडेच करावे लागले. ते सगळे खपले. कुठे कुठे गेले त्याची नोंद नाही, पण बराचसा माल शहरांतल्या सुशिक्षित घरांत गेला असं सत्तार मिस्त्री सांगत.

आता तुमचंच बघा. मघाशी तुम्ही कसल्याशा कामाला उठत होतात, आणि ‘एवढं वाचून होऊ दे’ म्हणून पुन्हा खाली बसलात. झालं वाचून. होळी पडली, पूर्वेलाच पडली. आता उठायला काही हरकत नाही.

का आणखी एक प्रत काढायची?